नवसाची जीप

लिलावाला निघालेल्या त्या जीपच्या मागच्या बाकावर एक कोंबडी अंड्यांवर बसली होती. सरकारी खात्याची गाडी, वर्ध्याच्या एका आवारात वर्षानुवर्षं उभी. टप फाटलेलं, एक चाक गायब, बॉनेटच्या फटीतून गवत वर आलेलं. बोली लावायला आलेली मंडळी तिच्याकडं बघून हसली आणि पुढच्या गाडीकडं वळली. हिंगणीचा रूपराव मिस्त्री तेवढा गुडघे टेकून तिच्याखाली शिरला. चेसिसवर पान्यानं ठोकून त्यानं आवाज ऐकला, पुढच्या चाकांचा आस हलवून पाहिला आणि अंगावरची माती झटकत बाहेर आला.

"हाडं शाबूत हायेत इची," तो म्हणाला.

सोबत ताराचंद शेठ होते. हिंगणीत त्यांचं सरकी-ढेपेचं दुकान, रूपरावच्या गॅरेजच्या भिंतीला भिंत लागून. दोघांची दोस्ती जुनी, आणि त्या दोस्तीत शेठजींनी स्वतःकडं एकच काम घेतलं होतं, रूपरावला वेड्यात काढायचं.

"अरे बह्याडा, कोंबडीसकट घेऊन राह्यला का?"

"हाव."

"अन् करशील काय इचं?"

"नलूले वाघोबावर न्यायचं हाय, शेठजी."

शेठजींनी खिशातून सुपारी काढली आणि निम्मी रूपरावच्या हातावर ठेवली.

ही दोन हजार सालच्या दिवाळीनंतरची गोष्ट. नलू म्हणजे रूपरावची बायको. गॅरेजचा अर्धा कारभार तिचाच होता म्हणा ना. रूपराव गाडीखालून नुसता हात बाहेर काढायचा, आणि कुठला पाना हवाय ते न विचारता ती नेमका तो हातात द्यायची. आदल्या उन्हाळ्यात तिची पाठ दुखायला लागली. घरात सगळे म्हणाले, जड उचललं असेल. सेवाग्रामच्या दवाखान्यात फोटो काढले तेव्हा कळलं की रोग हाडांत उतरलाय आणि पाठीचा कणा आतून पोकळ होत चाललाय. औषधं सुरू झाली. डॉक्टरांनी एकच गोष्ट पुन्हापुन्हा बजावली: हिसका बसता कामा नये. एस.टी. नको, बैलगाडी नको, स्कूटर तर नकोच. एक जोराचा दणका बसला तर बाई पुन्हा उठून बसणार नाही.

नलूनं हे सगळं शांतपणे ऐकून घेतलं. घरी आल्यावर बाजेवर टेकली आणि एवढंच म्हणाली, "माहा नवस राह्यला वाघोबाचा."

वाघोबाची टेकडी हिंगणीच्या पलीकडं, अभयारण्याच्या हद्दीबाहेर. वर एका मोहाच्या झाडाखाली शेंदूर फासलेला दगड, बाकी काही नाही. ज्यांचा नवस पुरा होतो ती मंडळी माघात तिथं जाऊन रोडगे करतात. कणकेचे गोळे गोवऱ्यांच्या निखाऱ्यांत भाजायचे, फोडून तुपात बुडवायचे, सोबत वांग्याची भाजी, आणि येईल त्याला जेवू घालायचं. नियम दोनच. गोवऱ्यांना विस्तव ज्यानं नवस बोलला त्यानंच लावायचा, आणि तो लागेपर्यंत काय मागितलं होतं ते कुणाला सांगायचं नाही. नलूनं हा नवस कधीतरी पाच-सहा वर्षांपूर्वी बोलला होता. पहिल्या वर्षी घरात सुतक आलं, मग मुलाची, गोपालची, दहावी आली, मग आणखी काही. पुढच्या माघात करू, पुढच्या माघात करू, असं करता करता राहून गेलं. काय मागितलं होतं ते रूपरावनं कधी विचारलं नाही. गोपालला एकदा टायफॉईड झाला होता, त्याचंच असेल असं तो धरून चालला होता.

टेकडीवर जायला पूर्वी लाकडं वाहणाऱ्या गाड्यांची वाट होती. ती मोडून जमाना झाला. आता मध्ये नाला, नाल्यात गुडघाभर काळा चिखल, आणि पलीकडं सुट्या दगडांचा असा चढ की धडधाकट माणूसही हात टेकत जायचा. कुणीतरी सुचवलं, बाजेवर निजवून चौघांनी उचलून नेऊ. नलू हसली.

"चौघांच्या खांद्यावर जायाचंच हाय एक दिवस," ती म्हणाली. "आतापासून काऊन घाई करता?"

म्हणून ती जीप.

मग जे सुरू झालं त्याला काम म्हणावं की वेड, हे ज्याचं त्यानं ठरवावं. गिऱ्हाइकांच्या गाड्या दुपारपर्यंत, दुपारनंतर जीप. जुनं पेट्रोलचं इंजिन काढून रूपरावनं मोडीतल्या टेम्पोचं डिझेल इंजिन बसवलं, कारण त्याला वेग नको होता, मुंगीच्या चालीनं ओढणारी ताकद हवी होती. धुराची नळी नाल्याचं पाणी शिरू नये म्हणून थेट टपापर्यंत चढवली. टायर आणले ते हौसेनं चांगले रुंद, पाहणाऱ्यानं वाहवा करावी असे. पहिल्याच दिवशी ते काळ्या चिखलावर तरंगले आणि जीप डुंबणाऱ्या म्हशीसारखी नाल्यात बसली. ट्रॅक्टरनं ओढून काढावी लागली. शेठजी काठावर उभे राहून पोट धरून हसले. मग अरुंद, खोल नक्षीचे टायर आले. ते चिखल कापत खालच्या मुरमाला जाऊन टेकत होते.

खरी डोकेफोड होती पाट्यांची, म्हणजे चाकांवर गाडीचा भार पेलणाऱ्या लोखंडी पट्ट्यांची. जीपचे पाटे ओझ्यासाठी केलेले, दगडासारखे कडक. रूपरावनं एकेक पाटा उतरवला, त्यांना धरणाऱ्या कड्या लांब केल्या, म्हणजे चाक खड्ड्यात उतरलं तरी वरची बॉडी सपाट राहील. जास्तच उतरवले तेव्हा गाडी वळणावर लवंडायला लागली. पुन्हा एक चढवला. असं कितीदा झालं ते त्यालाच ठाऊक. आणि शेवटी नलूची सीट. लोखंडी चौकट, जुन्या मोपेडच्या चार स्प्रिंगांवर टांगलेली, आणि तिच्यावर बाजेसारखी सुती दोरी विणलेली. ती वीण नलूनंच घातली, उशीला टेकून, रोज थोडी थोडी. रूपरावनं ताण द्यायला दोरी ओढली की म्हणायची, "हळू. ते काई इंजिन नाई."

चाचणीसाठी नलूला बसवता येत नव्हतं, म्हणून सीटवर सरकीचं पोतं ठेवायचं ठरलं. पण वजन तिच्याएवढंच हवं, नाहीतर स्प्रिंगा काय दाबतील हे कसं कळणार? त्यासाठी रूपरावनं आपली एक रीत काढली. सकाळी तो नलूला दोन्ही हातांवर उचलून उन्हात बाजेवर आणून ठेवायचा. तसाच गॅरेजात जाऊन पोतं उचलायचा. हातांना दोन्ही सारखं लागेपर्यंत सरकी घालायची किंवा काढायची. पहिल्यांदा पोतं तोंडापर्यंत भरलं. पोळ्याच्या सुमारास पुन्हा उचलून पाहिलं तर पोतं जड लागलं. त्यानं दोन-तीन ओंजळी काढल्या. दसऱ्याला आणखी काढावी लागली, आणि स्प्रिंगा बदलून नरम टाकाव्या लागल्या. काढलेली सरकी तो शेठजींच्या दुकानातल्या ढिगावर नेऊन टाकायचा. शेठजी ती बघायचे आणि पाठ फिरवून तराजू पुसत बसायचे. या बाबतीत त्यांनी कधी थट्टा केली नाही.

घराच्या मागं नलूनं रोडग्यांसाठी गोवऱ्या रचून ठेवल्या होत्या. पावसाळ्यात त्यांच्यावर ताडपत्री टाकायला लावायची. "भिजू देऊ नका, आपल्याले लागतीन," म्हणायची. आणि एकदा, दोरीची शेवटची गाठ मारताना, सहज म्हणाली, "एकदा रोडगे झाले ना, का मी मोकळी."

रूपरावच्या हातातला पाना तिथंच थांबला.

त्याची एक आत्या होती, देवकाबाई. रूपराव लहान असताना ती वर्षानुवर्षं अंथरुणाला खिळून होती. तिचाही नवस याच वाघोबाचा राहिला होता. शेवटी घरच्यांनी कसंबसं गाडीत घालून तिला टेकडीवर नेलं, रोडगे केले, आणि दुसऱ्या दिवशी सकाळी आत्या गेली. देवानं आपलं घेतलं आणि म्हातारीला सोडवलं, असं सगळे म्हणाले. बरं झालं, असंही म्हणाले. रूपरावनं ते रोडगे खाल्ले होते, चव अजून जिभेवर होती. त्याच्या मनानं आता उलटा हिशेब मांडला. देणं फिटलं म्हणून आत्या गेली. मग जोवर फिटत नाही तोवर? माणूस घाबरला की असाच विचार करतो, आणि रूपराव फार घाबरला होता.

दोन हजार दोनचा माघ लागायला थोडे दिवस उरले होते. एका दुपारी तो एकटाच जीप घेऊन टेकडीकडं गेला. सीटवर पोतं, पोत्यावर पाण्यानं काठोकाठ भरलेला गंज, म्हणजे उभट पातेलं. लो गिअर टाकला, चारी चाकांना जोर दिला. नाला ओलांडला. सुट्या दगडांच्या चढावर चाकं खालीवर होत राहिली, पण वरची बॉडी पाळण्यासारखी सावकाश झुलली. मोहाच्या झाडाखाली पोचल्यावर त्यानं गंजाकडं पाहिलं. पाणी सांडलं नव्हतं. एवढ्या दिवसांच्या मेहनतीनंतर मिस्त्री माणसानं त्या वेळी नाचायला हवं होतं. तो स्टिअरिंगवर डोकं टेकून रडला.

घरी नलू वाट पाहत होती. "काय झालं?"

"सांडलं पाणी," तो म्हणाला. "अन् पुढच्या शाफ्टचा जॉइंटही गेला. नागपूरवरून मागवा लागंल."

दिवेलागणीला त्यानं पुढच्या चाकांना जोर पोचवणारा तो शाफ्ट खोलला, पोत्यात गुंडाळला आणि आतल्या खोलीत धान्याच्या कोठीमागं सरकवून दिला. त्याच्याशिवाय जीप सडकेवर कितीही धावली असती, नाला मात्र चढली नसती.

माघ आला. नलू रोज विचारायची, "आला का जॉइंट?" तो म्हणायचा, "येईन दोन दिसांत." फाल्गुन लागला, ऊन तापलं, रोडग्यांचे दिवस सरले. मग एके दिवशी तिनं विचारणं सोडून दिलं. रूपरावला हायसं वाटलं. बुटीबोरीच्या कारखान्यातून सुटीला आलेल्या गोपालनं म्हटलं, "बाबा, मी आणून देतो नागपूरवरून," तर रूपराव त्याच्यावर खेकसला. नलूनं मधे पडून विषय बदलला. पावसाळाभर ती तगली. तिला तगलेली पाहून रूपरावला वाटायचं, आपला हिशेब बरोबर आहे. कार्तिकात त्यानं सवयीनं पुन्हा तिला उचललं, मग पोतं उचललं, आणि आजवर काढली नव्हती एवढी सरकी काढली.

ज्या हिसक्याला सगळे भीत होते तो कधी बसलाच नाही. पौषात एका पहाटे नलूनं बाजेवर नुसती कूस बदलली आणि पाठीत काहीतरी मोडलं. दवाखान्याची गाडी आली, सेवाग्रामला नेलं. कमरेखालचं सगळं गेलं होतं. डॉक्टरांनी रूपरावला बाजूला घेऊन जे सांगितलं ते त्यानं अर्धवटच ऐकलं.

दुपारच्या वेळी वॉर्डात जरा शांत होतं. गोपाल औषधं आणायला गेला होता. नलूनं रूपरावचा उजवा हात आपल्या हातात घेतला. त्या हाताची दोन बोटं वाकडी होती आणि मनगटापासून वर कातडी आवळून आली होती. चौऱ्याण्णव साली ट्रकखालचा जॅक सरकला तेव्हा तो चेपला होता. याच दवाखान्यात तेव्हा हात कापायचा की ठेवायचा यावर दोन दिवस बोलणं चाललं होतं.

"विस्तव तं आता लागत नाई," ती म्हणाली. "मंग सांगून टाकते. ह्या हातासाठी बोलले होते मी."

रूपरावनं आपल्या वाकड्या बोटांकडं पाहिलं.

"म्हटलं, वाघोबा, मिस्त्रीचा हात जाऊ देऊ नको. बाकी काई मागतलं नाई."

"नलू, मले वाटलं गोपालचं..." तो म्हणाला. "मले वाटलं, नवस फिटला का तू..."

"देवकाआत्यासारखी. ठाऊक हाय मले." तिला दम लागत होता. "कोठीमागचं ज्वारीचं घमेलं काढायले गेलती मी, भिताडाले धरत. तवा दिसला शाफ्ट."

"मंग बोलली काऊन नाई?"

"काय बोलू? तुमी एवढे भेले होते. म्हटलं, राहू द्या, तुमाले तेवढंच बरं वाटून राह्यलं असंल." तिनं छताकडं पाहिलं. मग ती म्हणाली, "पण मले जायाचं होतं."

एवढंच. त्यात राग नव्हता, आणि असता तर रूपरावला सोसायला सोपं गेलं असतं. थोड्या वेळानं तिनं डोळे मिटले आणि मिटल्या डोळ्यांनीच सांगितलं, "गंजून गेला असंल तो. तेल लावजा."

नलू दोन दिवसांनी गेली. जशी म्हणाली होती तशीच, चौघांच्या खांद्यावर.

तेरवी झाली. माघ लागला. घरात माणूस गेलं की वर्षभर देवकार्य करत नाहीत असं भावकीनं सांगून पाहिलं, आणि नवस बोलणारीच नाही तर तो फेडणार कोण, असंही कुणी म्हणालं. रूपरावनं सगळ्यांचं ऐकून घेतलं आणि कोठीमागून शाफ्ट काढला. वरवर गंज चढला होता. त्यानं तो रॉकेलनं घासला, जॉइंटात ग्रीस भरलं आणि बसवला. बसवायला अर्ध्या तासाचं काम होतं, त्यालाही ते ठाऊक होतं, पण हातांनी करताना ते पुन्हा नव्यानं कळलं.

मागं गोपाल, ताराचंद शेठ, गोवऱ्या, कणीक, वांगी. पुढच्या सीटवर कार्तिकातलं पोतं अजून तसंच होतं. शेठजींना पुढं बसवावं म्हणून गोपाल ते काढायला लागला.

"राहू दे," रूपराव म्हणाला.

जीप नाल्यात उतरली आणि निघाली. दगडांचा चढ सावकाश चढली. कुठं अडली नाही, कुठं घसरली नाही. शेठजी मागं दांडी घट्ट धरून बसले होते, ती त्यांनी अर्ध्या वाटेत सोडून दिली. धरायची गरजच पडत नव्हती. ज्याला एवढी वर्षं लागली तो रस्ता चहा उकळून पिण्याइतक्या वेळात संपला. इतकं सोपं होतं ते, गेल्या माघातही इतकंच सोपं होतं. रूपरावनं इंजिन बंद केलं, तरी तो काही वेळ खाली उतरला नाही.

नलूच्या हातच्या गोवऱ्या खडखडीत वाळलेल्या होत्या. विस्तव कुणी लावायचा, हे गोपालनं विचारलं नाही. काडेपेटी बापाच्या हातात दिली. रूपरावनं आपल्या वाकड्या बोटांत काडी धरली. दोन काड्या मोडल्या, तिसरी पेटली. रोडगे भाजले, फोडले, तुपात बुडवले. खालून चालत आलेली गुराखी मंडळी जेवली. कुणाला चव चांगली लागली, कुणी मीठ कमी आहे म्हणालं. पहिला रोडगा रूपरावनं दगडापुढं ठेवला, दुसरा पळसाच्या पानावर घेऊन डाव्या हातात तसाच धरून राहिला. तो त्यानं खाल्ला नाही.

उन्हं कलली तशी निघायची तयारी झाली. शेठजींचे गुडघे धरले होते, मागं चढवेना.

"बाबा, शेठजींले पुढं बसू द्या," गोपाल म्हणाला. "पोतं मी मागं घेतो."

"थांब. मी घेतो."

आजवर ते पोतं त्यानं कायम दोन्ही हातांनी उचललं होतं, जसं नलूला उचलायचा तसं, खालून हात घालून. आज डाव्या हातात रोडग्याचं पान होतं. तो नुसता वाकला आणि उजव्या हातानं त्यानं पोत्याचं तोंड धरलं. पोतं उचललं गेलं. त्या एका हातानं, कमरेला जोर न देता, सहज वर आलं.

तो तसाच उभा राहिला. सीटवरच्या दोरीला बसल्यासारखा खोलगा पडला होता, तो हळूहळू वर येत होता.

"अरे, ठेव ना खाली," शेठजी हळूच म्हणाले.

रूपरावनं इकडं पाहिलं, तिकडं पाहिलं. पोतं खाली कुठं ठेवावं, ते त्याला समजेना.